गुन्हा कबूल न करता: न्यू जर्सीतल्या ‘पीटीआय’मधून जाताना

हे लिहावं की नाही, यात बरेच महिने गेले. मध्यंतरी ओळखीच्या एका ताईंचा फोन आला. त्यांच्या भाच्यावर दुकानातून वस्तू उचलल्याचा आरोप आला होता, हातात समन्स पडलं होतं, आणि खोलीतल्या मित्रांनी त्याला सल्ला दिला होता: ‘गिल्टी म्हण, दंड भर, मोकळा हो.’ मी ताईंना एवढंच म्हटलं की त्याला सांगा, कशावरही सही करू नकोस, आधी इमिग्रेशनचा वकील गाठ. फोन ठेवला आणि लिहायला बसले.

एडिसनपासून जर्सी सिटीपर्यंत एवढी मराठी घरं आहेत. ग्रीनकार्डच्या रांगेबद्दल, शाळांबद्दल, घराच्या कर्जाबद्दल आपण तासन्‌तास बोलतो. पण घरातल्या कुणावर फौजदारी आरोप आला की दार लावून घेतो. त्यामुळे ज्याच्यावर वेळ येते त्याला वाटतं, आपल्याआधी हे कुणाच्याच वाट्याला आलं नसेल. माझ्यावरही असाच आरोप आला होता, आणि मी ‘पीटीआय’मधून, म्हणजे खटल्याआधीच देखरेखीखाली ठेवून आरोप रद्द करायच्या योजनेतून, बाहेर पडले. मी वकील नाही. हे सगळं न्यू जर्सीतलं आहे. शेजारच्या न्यू यॉर्कमध्ये किंवा पेनसिल्व्हेनियात नियम वेगळे. काउंटीचं (म्हणजे इथल्या जिल्ह्याचं), दुकानाचं, वकिलांचं नाव मुद्दाम लिहीत नाही.

त्या दिवशी दुकानात काय घडलं तेही लिहिणार नाही. प्रकरणातल्या घटनेबद्दल कुणाशीही, अगदी व्हॉट्सॲपवर बहिणीशीही बोलायचं नाही, असं वकिलांनी पहिल्याच भेटीत बजावलं होतं, आणि तो सल्ला मी अजून पाळते. इतकंच सांगते: नोव्हेंबर २०२२, थँक्सगिव्हिंगच्या आधीचा आठवडा. आपलं सामान आपणच स्कॅन करून पैसे भरायचं यंत्र. दाराशी दुकानाच्या सुरक्षा रक्षकाने अडवलं, आतल्या खोलीत बसवलं, पोलीस आले.

पोलीस ठाण्यात फोटो काढला आणि बोटांचे ठसे घेतले. आता शाई नसते, काचेवर बोट ठेवायचं. थंडीने माझे हात इतके कोरडे पडले होते की ठसा उमटेना. यंत्र पुन्हा पुन्हा लाल दिवा दाखवत होतं. त्या पोलिसाने एक ओला टिशू दिला, मी बोटं पुसली, मग त्याने एकेक बोट हातात धरून डावीकडून उजवीकडे फिरवलं. तो काही वाईट वागला नाही. पण आपलं बोट दुसऱ्याने धरून फिरवावं, ही गोष्ट मला फार लागली. रात्री घरी सोडलं तेव्हा हातात एक कागद होता आणि तोंडचं पाणी पळालं होतं.

तो कागद नीट वाचायला हवा, म्हणून त्याबद्दल थोडं सविस्तर सांगते. न्यू जर्सीत २०१७ च्या १ जानेवारीपासून जामिनाची पद्धत बदलली आहे. पैसे भरून सुटका जवळपास बंदच झाली. पोलीस एक तर समन्स देतात, म्हणजे घरी जा आणि तारखेला हजर राहा, नाहीतर वॉरंट काढतात, आणि मग धोक्याचं मूल्यमापन होऊन कोर्ट ठरवतं. मला समन्स मिळालं. त्यावर कलम असतं आणि गुन्ह्याची ‘डिग्री’ असते. दुकानातल्या चोरीच्या आरोपात डिग्री मालाच्या पूर्ण विक्री किमतीवर ठरते: २०० डॉलरच्या आत असेल तर ‘डिसऑर्डर्ली पर्सन्स’ हा हलका आरोप, जो गावच्या म्युनिसिपल कोर्टात चालतो. २०० ते ५०० डॉलर म्हणजे फोर्थ डिग्री. ५०० च्या वर गेलं की थर्ड डिग्री. माझ्या कागदावर फोर्थ डिग्री होतं. त्याची कमाल शिक्षा १८ महिने. ते प्रकरण गावच्या कोर्टात न राहता काउंटीच्या सुपीरियर कोर्टात जातं. घरी येऊन मी इंटरनेटवर ‘१८ महिने’ वाचलं आणि पहाटेपर्यंत जागी होते. प्रत्यक्षात पहिल्याच आरोपात फोर्थ डिग्रीला तुरुंग होऊ नये असंच कायद्याचं गृहीतक आहे, हे मला दोन दिवसांनी कळलं. ते त्याच रात्री कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं, म्हणून इथे लिहिते.

नवऱ्याला सगळं सांगितलं. तो बराच वेळ गप्प बसला आणि मग म्हणाला, ‘आधी वकील बघू, बाकीचं नंतर.’ त्याच्या त्या एका वाक्यावर मी पुढचे दिवस काढले. सासूबाई तेव्हा आमच्याकडेच होत्या. त्यांना सांगायचं की नाही यावर आमचा वाद झाला. मी सांगितलं. ‘शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये’ हे त्यांच्या तोंडचं नेहमीचं वाक्य, पण त्या दिवशी त्यांनी ते म्हटलं नाही. म्हणाल्या, ‘तारखेला मी मुलांना सांभाळते, तू जा.’

मामा सांगलीला वकिली करतात. त्यांना फोन केला. त्यांचा पहिला प्रश्न: ‘दुकानदाराशी तडजोड होत नाही का?’ आपल्याकडे चोरीच्या आरोपात माल ज्याचा, त्याच्याशी तडजोड करता येते. इथे तसं नाही. एकदा समन्स निघालं की फिर्यादी राज्य असतं, दुकानाच्या हातात काही उरत नाही. काही आठवड्यांनी दुकानाच्या वकिलांकडून दिवाणी मागणीचं पत्र आलं, दीडशे डॉलर भरा म्हणून. माझ्या वकिलांनी स्पष्ट सांगितलं की हे पैसे भरल्याने फौजदारी प्रकरण मिटत नाही. दोन्ही गोष्टी वेगळ्या. असं पत्र आलं तर घाबरून चेक पाठवू नका, आधी वकिलांना दाखवा.

फौजदारी वकिलांची ठरीव फी ३,५०० डॉलर होती, दोन हप्त्यांत. ज्यांचं उत्पन्न कमी आहे त्यांना सरकारकडून बचावाचा वकील, म्हणजे पब्लिक डिफेंडर, मिळतो. त्यासाठी कोर्टातच उत्पन्नाचा फॉर्म भरायचा. आम्ही खाजगी वकील केला, त्यासाठी भारताच्या तिकिटांना ठेवलेले पैसे मोडले.

पहिली हजेरी डिसेंबरात, व्हिडिओवर. न्यायाधीशांनी आरोप वाचून दाखवला, हक्क सांगितले, पाच-सात मिनिटांत संपलं. माझ्या आधी एक आजोबा होते, त्यांना इंग्रजी नीट कळत नव्हतं, शेजारी बसलेला मुलगा भाषांतर करू लागला तर न्यायाधीशांनी थांबवलं आणि कोर्टाकडून दुभाषी मिळेपर्यंत पुढची तारीख दिली. हे लक्षात ठेवा: न्यू जर्सीच्या कोर्टात दुभाषी मोफत मिळतो, मराठीसाठीही मागता येतो. ‘हिंदी चालेल का’ विचारतील. आई-वडिलांना हिंदी अर्धवट कळत असेल तर मराठीच मागा, आणि तारखेच्या बऱ्याच आधी वकिलामार्फत कळवा.

जानेवारी २०२३ मध्ये सरकारी वकिलांकडून, म्हणजे राज्यातर्फे खटला चालवणाऱ्यांकडून, प्रस्ताव आला. आरोप खाली आणू, फोर्थ डिग्रीवरून हलक्या आरोपावर, आणि प्रकरण गावच्या कोर्टात पाठवू. तिथे ‘कंडिशनल डिसमिसल’ घ्या: एक वर्ष नीट वागलात की आरोप रद्द. माझे वकील खूश होते. नवराही. मलाही वाटलं, सुटलो. महिन्याभरात मिटेल, पुढच्या दिवाळीपर्यंत आठवणसुद्धा राहणार नाही.

आमची ग्रीनकार्डची फाइल बघणाऱ्या इमिग्रेशन वकिलांना विचारायचं केवळ नवऱ्याने आग्रह धरला म्हणून ठरलं. अर्ध्या तासाच्या सल्ल्याचे ३०० डॉलर घेतले. या सबंध प्रकरणात सगळ्यात सार्थकी लागलेले पैसे तेच.

त्यांनी एकच प्रश्न विचारला: ‘त्या कंडिशनल डिसमिसलसाठी गुन्हा कबूल करावा लागतो का?’ मी माझ्या वकिलांना विचारलं. हो, करावा लागतो. न्यायाधीशांसमोर गिल्टी म्हणायचं, फक्त निकालपत्रावर नोंद होत नाही, आणि वर्षभराने सगळं रद्द. राज्याच्या कायद्याच्या दृष्टीने तुम्ही दोषी ठरत नाही. पण इमिग्रेशनचा कायदा संघराज्याचा आहे, आणि १९९६ पासून त्यात दोषसिद्धीची स्वतःची व्याख्या आहे: गुन्हा कबूल केला आणि त्यावर कोर्टाने काही बंधन किंवा शिक्षा घातली, एवढं झालं की त्यांच्या लेखी दोषसिद्धी झाली. नंतर राज्याने ती पुसली तरी त्यांच्या दृष्टीने ती राहते. आणि चोरी हा त्यांच्या भाषेत नैतिक अधःपतनाचा गुन्हा, म्हणजे ग्रीनकार्ड अडू शकतं. हलक्या आरोपाच्या एकाच प्रकरणाला एक सवलत असते, सहा महिन्यांच्या आतली शिक्षा वगैरे अटींवर. पण इमिग्रेशन वकील म्हणाले, ‘ती सवलत शेवटच्या दिवसासाठी राखून ठेवा. ज्या वाटेत कबुलीच नाही ती वाट आधी मागा.’

ती वाट म्हणजे प्रीट्रायल इंटरव्हेन्शन, सगळे तिला पीटीआय म्हणतात. खटला उभा राहण्याआधीच, पहिल्यांदा आरोप आलेल्या माणसाला बाजूला काढून देखरेखीखाली ठेवायचं आणि ठरलेला काळ नीट पार पडला की आरोप रद्द करायचा. न्यू जर्सीत ही पद्धत १९७० सालापासून आहे, सुरुवात नेवार्कमधून झाली. आज राज्याच्या सगळ्या २१ काउंट्यांत आहे. माझ्यासारख्या साध्या प्रकरणात त्यात प्रवेश मिळण्यासाठी गुन्हा कबूल करावा लागत नाही. काही गंभीर आरोपांत आधी कबुली द्यावी लागते, ते वेगळं. आणि हे ऐच्छिक आहे: अर्ज तुम्ही करायचा, नको असेल तर खटला लढवायचा.

मामांना हे सांगितलं तेव्हा ते थोडा वेळ काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘आपल्याकडे १९५८ चा प्रोबेशनचा कायदा आहे, चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडतात. पण तो दोषी ठरल्यानंतर. आधी नाही.’ हा आधी आणि नंतरचा फरकच माझ्यासारख्या परक्या देशात राहणाऱ्या माणसाचं आयुष्य इकडचं तिकडे करू शकतो. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये पडिया खटल्यात सांगितलं आहे की आरोपी नागरिक नसेल तर कबुलीचा इमिग्रेशनवर काय परिणाम होईल हे सांगणं फौजदारी वकिलाचं कर्तव्य आहे. तरी प्रत्यक्षात विचारावं आपल्यालाच लागतं. माझे वकील मेहनती होते, त्यांनी टाळाटाळ केली नाही. त्यांना फक्त जवळचा रस्ता दिसत होता. इमिग्रेशन वकिलांनी एक पानाचं पत्र लिहून दिलं आणि ते पत्र पाहिल्यावर त्यांनी लगेच दिशा बदलली. दोन्ही वकिलांची एकमेकांशी गाठ घालून द्या. मधला निरोप्या होऊ नका, अर्धा अर्थ वाटेत सांडतो.

आणखी एक गोष्ट त्या आठवड्यात कळली. पीटीआय आयुष्यात एकदाच मिळतं. म्युनिसिपल कोर्टातलं कंडिशनल डिसमिसल घेतलंत तरी ती एकमेव संधी खर्ची पडते. म्हणजे घाईत घेतलेली ती ‘सवलत’ दोन्हीकडून महाग पडली असती.

अर्ज फेब्रुवारीत केला. फी ७५ डॉलर, परत मिळत नाही; ऐपत नसेल तर माफीचा अर्ज करता येतो. उशीर करू नका, आरोपपत्र निश्चित व्हायच्या आधीच अर्ज गेलेला बरा. फॉर्ममध्ये शिक्षण, नोकरी, घरची माणसं, आरोग्य, दारू-औषधांचं व्यसन, पूर्वीचे आरोप, सगळं विचारतात. मी जोडलेली कागदपत्रं: पदवीची प्रत, नोकरीचं पत्र, मुलांच्या शाळेत मी आठवड्यातून एकदा वाचनाला मदत करत असे त्याचं शिक्षिकेचं पत्र, आणि इमिग्रेशन वकिलांचं ते पत्र. शिक्षिकेकडे पत्र मागायला मी फार दिवस घेतले. काय सांगायचं तिला? शेवटी एवढंच म्हटलं की एका सरकारी कामासाठी चारित्र्याचं पत्र हवं आहे. तिने दुसऱ्या दिवशी दिलं, काही न विचारता.

मुलाखत काउंटी कोर्टाच्या क्रिमिनल डिव्हिजनमध्ये झाली. मला वाटलं होतं उलटतपासणी होईल. समोर एक प्रौढ बाई, टेबलावर माझा फॉर्म, शेजारी माझे वकील. घटनेबद्दल वकिलांनी आधीच ठरवलं होतं की मी काही बोलणार नाही, आणि त्या बाईनेही आग्रह धरला नाही. बाकीचे प्रश्न घराचे होते. भारतातून कधी आलात, दिवसभर काय करता, कुणाशी बोलता, झोप लागते का. शेवटच्या प्रश्नावर मला रडू आलं. तीन महिन्यांत कुणी विचारलं नव्हतं. तिने टिशूचा खोका पुढे सरकवला आणि थांबली. नंतर सांगितलं, ‘समुपदेशनाला जायची इच्छा असेल तर लिहू का?’ मी हो म्हटलं. पुढे ती अट म्हणून आदेशात आली, आणि मी मनापासून सांगते, त्या समुपदेशनाने मला पुन्हा घराबाहेर पडायला लावलं.

मग वाट पाहणं. नियमाप्रमाणे क्रिमिनल डिव्हिजनने २५ दिवसांत शिफारस करायची आणि नंतर १४ दिवसांत सरकारी वकिलाने उत्तर द्यायचं. प्रत्यक्षात दोन्हीकडे जास्त वेळ लागला. शिफारस अनुकूल आली, पण जीव टांगणीलाच होता, कारण सरकारी वकिलाची संमती नसेल तर बहुतेक वेळा गाडं तिथेच अडतं. कायद्यात सतरा निकष दिले आहेत: गुन्ह्याचं स्वरूप, आरोपीचं वय आणि पार्श्वभूमी, तक्रारदाराचं म्हणणं, समाजाचं हित, असे. नकार आला तर दहा दिवसांत न्यायाधीशांकडे दाद मागता येते, पण सरकारी वकिलाने अधिकाराचा उघडउघड गैरवापर केला आहे असं दाखवावं लागतं. मला हे पटत नाही. ज्याच्या हातात आरोप आहे, त्याच्याच हातात सुटकेची किल्ली ठेवली आहे. चांगला वकील आणि चांगली पत्रं जोडता येणाऱ्या माझ्यासारखीला ती किल्ली मिळते, आणि कोर्टाच्या बाकावर माझ्या शेजारी बसलेल्या, कामाचा दिवस बुडतो म्हणून लगेच कबुली देणाऱ्या माणसाला ती आहे हेही ठाऊक नसतं. अशी माणसं मी प्रत्येक तारखेला पाहिली.

त्या दिवसांत दाराची घंटा वाजली की मी दचकत असे. किराण्याला आपल्या भारतीय दुकानांच्या ओक ट्री रोडवर जाणं बंद केलं, कारण तिथे कुणी ना कुणी भेटतंच. ऑनलाइन मागवायला लागले. गुढीपाडव्याच्या कार्यक्रमाचं आमंत्रण आलं, तब्येतीचं कारण दिलं. लोकांना काही माहीत नव्हतं, पण मला माहीत होतं ना.

एप्रिल २०२३ च्या अखेरीस संमती आली. न्यायाधीशांसमोर उभं राहून आदेशावर सही केली. न्यायाधीशांनी सावकाश विचारलं: हे तुम्ही स्वखुशीने करत आहात ना, अटी समजल्या ना, या काळात खटला लवकर चालवून घेण्याचा हक्क तुम्ही सोडत आहात हे कळलं ना. अटी मोडल्या तर प्रकरण जिथे थांबलं तिथून पुन्हा सुरू होणार. कुणीही मला ‘तू केलंस का’ असं विचारलं नाही, आणि मी काही कबूल केलं नाही. काळ कायद्याने जास्तीत जास्त ३ वर्षं असू शकतो. मला १२ महिने मिळाले. ५० तासांची समाजसेवा, समुपदेशन, महिन्यातून एकदा प्रोबेशन ऑफिसरशी संपर्क, पत्ता किंवा नोकरी बदलली तर लगेच कळवायचं, राज्याबाहेर जायचं तर आधी विचारायचं, पोलिसांशी कुठलाही संबंध आला, अगदी वाहतुकीचा दंड झाला तरी सांगायचं.

समाजसेवेसाठी मी अन्नवाटप केंद्र निवडलं. संस्था आधी ऑफिसरकडून मंजूर करून घ्यावी लागते, देवळात आपल्या ओळखीच्या काकांकडून तास लिहून आणले तर चालत नाहीत. माझं काम डबे निवडायचं. लोकांनी दिलेले राजमा, मका, टोमॅटोचे डबे टेबलावर ओतायचे, प्रत्येकाच्या बुडावरची तारीख वाचायची, फुगलेले आणि कडेला चेपलेले बाजूला टाकायचे, उरलेले महिन्याप्रमाणे खोक्यांत लावायचे. तारीख कधी झाकणावर, कधी तळाला, कधी पुसट. चाळीस-पन्नास डब्यांनंतर बोटांना आपोआप कळायला लागतं कुठला डबा फुगलाय. शेजारी निवृत्त बस-ड्रायव्हर होता, तो तिथे का येतो हे त्याने सांगितलं नाही आणि मलाही विचारलं नाही. प्रत्येक पाळीला तासांच्या कागदावर तिथेच सही घ्या. महिन्याच्या शेवटी घेऊ म्हटलं की सही करणारी व्यक्ती रजेवर असते.

सगळ्यात मोठी किंमत पैशाची नव्हती. डिसेंबर २०२३ मध्ये साताऱ्याला माझ्या धाकट्या भावाचं लग्न होतं. ऑफिसरने प्रवासाची परवानगी कदाचित दिली असती. पण माझ्या पासपोर्टवरचा एच-४ व्हिसा (नवऱ्याच्या नोकरीच्या व्हिसावर बायकोला मिळतो तो) संपला होता. परत येताना मुंबईच्या वकिलातीत नवा शिक्का घ्यावा लागला असता, आणि त्या अर्जात अटक झाली होती का हा प्रश्न असतोच. व्हिसा नाकारायला किंवा असलेला रद्द करायला दोषी ठरावंच लागतं असं नाही. इमिग्रेशन वकील म्हणाले, ‘प्रकरण चालू असताना देश सोडू नका.’ मुलं इथे, मी तिथे अडकले तर? नाही गेले. आईला खरं कारण सांगितलं. भावाला नाही, त्याला लग्नानंतर सांगितलं. इथली रात्र, तिथली सकाळ. व्हिडिओवर अक्षता पडताना पाहिल्या, आवाज मागे-पुढे होत होता. मंगलाष्टकं संपल्यावर आईने फोन स्वतःकडे वळवला आणि नुसती बघत राहिली.

एप्रिल २०२४ च्या शेवटी काळ संपला. मला वाटलं कोर्टात बोलावतील. तसं काही झालं नाही. ऑफिसरने अहवाल पाठवला, न्यायाधीशांनी आदेश काढला, आणि मे महिन्यात वकिलांकडून ईमेल आला: आरोप रद्द. मी स्वयंपाकघरात होते. गॅस बंद केला आणि खालीच बसले.

इथे बरेच जण थांबतात, पण दोन कामं बाकी असतात आणि त्यांचा क्रम महत्त्वाचा आहे.

पहिलं, प्रमाणित प्रती. आरोप रद्द झाल्याच्या आदेशाची, मूळ समन्सची आणि पीटीआयच्या आदेशाची, कोर्टाच्या शिक्क्याची प्रत घ्या. एक नाही, चार-पाच घ्या. आणि हे नोंद पुसून घेण्याच्या आधी करा. नोंद पुसली गेली की कोर्ट सहजासहजी कागद देत नाही, पण इमिग्रेशन खातं मात्र ते मागतं. ग्रीनकार्डच्या आय-४८५ फॉर्ममध्ये, पुढे नागरिकत्वाच्या अर्जात, व्हिसाच्या डीएस-१६० मध्ये अटकेबद्दल विचारतात, आणि नोंद पुसली असली तरी तिथे ‘हो’च लिहायचं असतं. ‘पुसलं म्हणजे झालंच नाही’ हे त्यांच्यापुढे चालत नाही. खोटं उत्तर हे मूळ आरोपापेक्षा जड जातं.

दुसरं, नोंद पुसणं, ज्याला एक्स्पंजमेंट म्हणतात. पीटीआयनंतर आरोप रद्द झाल्यापासून सहा महिने थांबावं लागतं. हे आपोआप होईल असं धरून चालू नका, मी तर वेगळा अर्ज केला. आम्ही नोव्हेंबर २०२४ मध्ये सुपीरियर कोर्टात अर्ज दाखल केला. राज्य पोलीस, काउंटीचे सरकारी वकील, गावचे पोलीस, सगळ्यांना प्रती जातात. वकिलाशिवायही करता येतं, कोर्टाच्या संकेतस्थळावर माहितीसंच आहे. मी वकिलांकडूनच केलं, वेगळे ९०० डॉलर गेले. आदेश २०२५ मध्ये निघाला. आदेश हाती आला तरी राज्य पोलिसांच्या नोंदीतून प्रत्यक्ष नाव जायला आणखी काही महिने लागले, त्यामुळे नोकरी बदलायची असेल तर तेवढी मुदत धरा.

मधल्या काळात मी नोकरीचे दोन अर्ज सोडून दिले होते, पार्श्वभूमी तपासणीत प्रलंबित आरोप दिसतो म्हणून. आता न्यू जर्सीत खाजगी नोकरीच्या अर्जात या प्रकरणाबद्दल ‘नाही’ म्हणायचा हक्क मला कायद्याने आहे. कोर्टाची, पोलीस खात्याची, तुरुंग खात्याची नोकरी मागितली तर मात्र सांगावं लागतं. ऑगस्टपासून एका छोट्या फर्ममध्ये हिशेबाचं काम करते. अन्नवाटप केंद्रात शनिवारी अजून जाते, तिथे आता तासांचा कागद नसतो.

ताईंच्या भाच्याने इमिग्रेशन वकील गाठला. त्याच्या मालाची किंमत २०० डॉलरच्या आतली निघाली, म्हणजे त्याचं प्रकरण गावच्या कोर्टातलंच, पीटीआय त्याला लागू नाही. तिथे कबुलीशिवाय काय मिळवता येईल यावर त्याचे दोन्ही वकील सध्या एकमेकांशी बोलत आहेत. पुढची तारीख त्याने मागून घेतली आहे.